खटला संपला, पण पोलीस ठाण्यातली नोंद? निर्दोष सुटल्यावर करायची कागदपत्रांची कामे

न्यायालयाने निर्दोष सोडले किंवा पोलिसांनी समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवून तपास बंद केला, की घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. वकिलांची फी चुकती होते आणि फाइल कपाटात जाते. मग कधीतरी पासपोर्टचे पोलीस व्हेरिफिकेशन येते, किंवा सरकारी नोकरीचे नियुक्तिपत्र हातात असताना चारित्र्य पडताळणीत ‘गुन्हा दाखल’ एवढाच शेरा पडतो. पुढे काय झाले, निकाल काय लागला, याचा कुठेच पत्ता नसतो. त्या वेळी काय करायचे, आणि ती वेळ येऊच नये म्हणून आधी काय करून ठेवायचे, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो आहे. कामकाजाची पद्धत महाराष्ट्रातली धरली आहे. कायदे देशभर लागू असणारेच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. प्रौढ माणसाच्या अटकेची किंवा गुन्ह्याची नोंद अर्ज देऊन सरसकट पुसून मिळेल, असा कायदा भारतात नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तो आहे, आणि इंटरनेटवर सापडणारे बरेच सल्ले तिकडचे असतात. ते वाचून इथे अर्ज करायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केला तरी ठाण्याच्या गुन्हा रजिस्टरमधली ओळ तशीच राहते. म्हणून काम दोन प्रकारचे आहे. जिथे जिथे गुन्ह्याची नोंद आहे तिथे तिच्यापुढे निकाल लिहून घ्यायचा, आणि जिथे कायदाच नोंद नष्ट करायला सांगतो तिथे ती नष्ट करून घ्यायची. दुसऱ्या प्रकारात बसणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या मागितल्याशिवाय सहसा मिळत नाहीत.

पायरी पहिली : प्रकरण नेमके कसे संपले ते शोधा

‘केस संपली’ असे सगळेच म्हणतात, पण संपण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचे वजन वेगळे आहे. पुढचे प्रत्येक पाऊल यावर अवलंबून असल्याने इथे घाई करू नका.

आधी पोलीस पातळीवर संपलेली प्रकरणे पाहू. तपासात तुमच्याविरुद्ध पुरेसा पुरावा मिळाला नाही तर पोलीस तुम्हाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८९ खाली सोडतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १६९ होते. अशा वेळी दोषारोपपत्र इतरांवर जाते आणि तुमचे नाव त्यातून वगळलेले असते. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी सुरू असलेल्या खटल्यांत जुनीच कलमे दिसतील, म्हणून दोन्ही क्रमांक माहीत असलेले बरे.

सगळा तपासच बंद झाला असेल तर महाराष्ट्रात समरी दाखल होते. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा घडला हे खरे, पण आरोपी किंवा पुरावा हाती लागला नाही. ‘ब’ समरी म्हणजे तक्रार खोटी आणि आकसाने केलेली. ‘क’ समरी म्हणजे तक्रार धड खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी वादाची. तुमच्या दृष्टीने ‘ब’ सर्वात भक्कम आणि ‘अ’ सर्वात कच्ची, कारण नवा पुरावा मिळाला की ‘अ’ समरीतला तपास पुन्हा उघडतो.

इथेच बहुतेक लोक फसतात. समरी हा पोलिसांचा फक्त प्रस्ताव असतो, ती मंजूर करायची की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतात. फिर्यादीला नोटीस जाते, त्याला विरोध करता येतो आणि न्यायालय पुढील तपासाचा आदेशही देऊ शकते. ठाण्यात ‘तुमची समरी पाठवली, आता काही नाही’ असे तोंडी सांगतात आणि ती समरी मंजुरीशिवाय न्यायालयात पडून राहते. मंजुरीचा आदेश हातात पडेपर्यंत प्रकरण संपले असे धरू नका.

आता न्यायालयात संपलेली प्रकरणे. आरोप निश्चित होण्याआधीच न्यायालयाने पुराव्यात दम नाही म्हणून सोडले तर तो डिस्चार्ज, म्हणजे दोषमुक्ती. तो निर्दोष मुक्ततेइतका पक्का नसतो, पुढे नवा पुरावा आला तर कारवाई होऊ शकते. सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला तर ते कलम ३६० खाली (जुने ३२१). आरोप निश्चितीआधी माघार झाली तर डिस्चार्ज आणि नंतर झाली तर निर्दोष मुक्तता, असा त्याचा परिणाम होतो. तडजोडीला पात्र असलेल्या गुन्ह्यात दोन्ही बाजूंचे मिटले तर कलम ३५९ (जुने ३२०), आणि त्याचा परिणामही निर्दोष मुक्ततेचाच. उच्च न्यायालयाने कलम ५२८ खाली (जुने ४८२) एफआयआर किंवा खटला रद्द केला तर ते सर्वात वरचे संरक्षण. साक्षीपुरावा होऊन निकाल लागला तर अर्थातच निर्दोष मुक्तता.

आंदोलनातले गुन्हे असणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. सरकारने ‘गुन्हे मागे घेणार’ असे जाहीर केले म्हणून खटला संपत नाही. सरकारी वकिलांनी अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने त्याला परवानगी द्यावी लागते. घोषणेच्या बातमीचे कात्रण जपून ठेवलेली आणि न्यायालयात वॉरंट निघालेले ठाऊकच नसलेली तरुण मुले असतात. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे.

निर्दोष मुक्ततेतही निकालपत्राची भाषा मोलाची असते. पुराव्याची छाननी करून आरोप टिकतच नाही असे न्यायालयाने म्हटले, तर पुढे त्याला सन्मानपूर्वक मुक्तता मानतात. साक्षीदार फितूर झाले म्हणून किंवा संशयाचा फायदा देऊन सोडले, तर पोलीस भरतीसारख्या नोकरीत तो निकाल तोकडा पडू शकतो. असा भेद संहितेच्या कलमांत लिहिलेला नाही, तो सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतून आला आहे. खटला अजून चालू असेल तर वकिलांना आजच सांगा, की युक्तिवादात फक्त ‘सोडावे’ एवढे न मागता आरोप का खोटा ठरतो यावर न्यायालयाचा स्पष्ट निष्कर्ष मागावा. निकाल लागून गेल्यावर ही संधी जवळजवळ राहत नाही.

पायरी दुसरी : नकला काढा, आणि एकीवर थांबू नका

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हा यापुढच्या सगळ्या कामांचा पाया आहे. मोबाइलवर ई-कोर्ट्सचे ॲप उघडून सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की प्रकरणाची स्थिती दिसते. पण त्या पानाची प्रिंट पुरावा म्हणून कुणी घेत नाही. न्यायालयाच्या नकला विभागात अर्ज करा. अर्जात केस क्रमांक (आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला, एससीसी म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, किंवा सेशन केस), पक्षकारांची नावे आणि निकालाची तारीख लागते. घाई असेल तर जादा शुल्क भरून अर्जंट नक्कल मिळते.

काय काय घ्यायचे? निकालपत्र किंवा आदेश, मूळ एफआयआरची प्रत, आणि दोषारोपपत्रातून नाव वगळले असेल तर त्या दोषारोपपत्राची नक्कल. समरी असेल तर समरी अहवाल आणि मंजुरीचा आदेश, दोन्ही. निकालाच्या तीन-चार नकला एकदमच काढून ठेवा. न्यायालयातले जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, पोलिसांच्या संगणकातली नोंद मात्र तशीच राहते. वीस वर्षांनी कुणी विचारले तर तुमच्या बाजूचा कागद फक्त तुमच्याकडेच असेल, अशी वेळ खरोखर येते.

नक्कल हातात आली की तिथेच उभे राहून वाचा. नाव, वडिलांचे नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे. नावात एक अक्षर चुकले तरी पुढे ‘ही व्यक्ती वेगळी असू शकते’ असे म्हणून अर्ज परत येतो. चूक असेल तर त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज द्या.

याच फेरीत राहिलेली कामेही उरका. जामिनासाठी रोख रक्कम भरली असेल तर परताव्याचा अर्ज, पासपोर्ट न्यायालयात जमा असेल तर तो परत मिळण्याचा अर्ज, जप्त केलेला मोबाइल किंवा गाडी असेल तर निकालातला मुद्देमालाचा आदेश घेऊन ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाकडे जा. निकालाआधी सहा महिन्यांसाठीचा बंधपत्र लिहून घेतला असेल (कलम ४८१, जुने ४३७ अ), तर तो वरच्या न्यायालयात अपील झाल्यास हजर राहण्यासाठी असतो. घाबरण्याचे कारण नाही, पण त्या सहा महिन्यांत पत्ता बदलला तर तसे कळवा.

पायरी तिसरी : ठाण्यात निकालाची नोंद करून घ्या

माझ्या मते सगळ्या कामांत हेच सर्वात महत्त्वाचे, आणि नेमके हेच कुणी करत नाही.

देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणक प्रणालीने जोडलेली आहेत. गुन्ह्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी तिच्यात वेगळा फॉर्म असतो. एफआयआरचा एक, अटकेचा एक, दोषारोपपत्राचा किंवा समरीचा एक आणि न्यायालयाच्या निकालाचा एक. पहिले फॉर्म लगेच भरले जातात, कारण त्यांच्याशिवाय तपासच पुढे सरकत नाही. निकालाचा फॉर्म भरण्यासाठी न्यायालयातून माहिती ठाण्यात यावी लागते आणि कुणीतरी बसून ती भरावी लागते. ते राहून गेले की स्क्रीनवर तुमच्या नावापुढे एफआयआर दिसतो, अटकेची तारीख दिसते आणि निकालाचा रकाना रिकामा. पडताळणी करणाऱ्या हवालदाराला रिकामा रकाना दिसला की तो ‘प्रलंबित’ असे लिहितो. त्याच्या जागी दुसरे कुणी असते तरी तेच लिहिले असते.

म्हणून ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला तिथेच जा, राहत्या ठिकाणच्या ठाण्यात जाऊन उपयोग नाही. प्रत्येक ठाण्यात न्यायालयाचे काम पाहणारा पैरवी अंमलदार असतो, त्याला भेटा. तोंडी विनंतीवर थांबू नका, लेखी अर्ज द्या. नमुना असा :

> प्रति,
> मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ........ पोलीस ठाणे
>
> विषय : गु.र.नं. ..../.... मधील न्यायालयीन निकालाची नोंद सीसीटीएनएस प्रणालीत व ठाण्याच्या अभिलेखात घेणेबाबत.
>
> महोदय,
> वरील गुन्ह्यात मी आरोपी होतो/होते. मा. ........ न्यायालय, ........ यांनी केस क्र. ........ मध्ये दिनांक ........ रोजी मला निर्दोष मुक्त केले आहे / दोषमुक्त केले आहे / समरी मंजूर केली आहे. आदेशाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. सदर निकालाची नोंद सीसीटीएनएस प्रणालीत, गुन्हा रजिस्टरमध्ये व इतर सर्व संबंधित अभिलेखांत घेऊन, नोंद घेतल्याबाबत मला लेखी कळवावे, ही विनंती.

दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही व शिक्का घेऊन परत आणा. पोच मिळाली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. महिन्याभरात उत्तर आले नाही तर पोलीस उपायुक्त किंवा जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात आधीच्या पोचेसह अर्ज द्या. बाजूने माहिती अधिकाराचा अर्जही टाका. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. प्रश्न एवढाच विचारा, की या गुन्ह्यात माझ्या नावापुढे सध्या कोणती स्थिती नोंदलेली आहे, आणि न्यायालयीन निकालाची नोंद कोणत्या तारखेला घेतली. बरेचदा या अर्जाचे उत्तर द्यायच्या निमित्तानेच नोंद होते.

ठाण्यात तुमच्या नावाची हिस्ट्री शीट (नजर ठेवण्यासाठी पोलिसांनी उघडलेली नोंद) असेल तर ती बंद करण्याची मागणी त्याच अर्जात वेगळ्या परिच्छेदात करा. हिस्ट्री शीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, जाहीर करण्याचा नाही, आणि तिचा वेळोवेळी आढावा घ्यायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितले आहे. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई, वेगळी. ती शिक्षा नव्हे, मुदतीचा बंधपत्र संपला की तीही संपते. मात्र ती संपल्याची नोंदही एकदा पाहून घ्यावी.

एफआयआर रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाणार असाल तर हे सगळे कष्ट निम्म्यावर येऊ शकतात. याचिकेच्या मागण्यांत ‘एफआयआर रद्द करावा’ याच्या जोडीला पोलिसांनी अभिलेख अद्ययावत करावेत, घेतलेली मोजमापे (बोटांचे ठसे, फोटो वगैरे) नष्ट करावीत आणि लुकआउट नोटीस (देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना) असेल तर ती मागे घ्यावी, असे वकिलांना स्वतंत्रपणे लिहायला सांगा. न्यायालयाचा थेट आदेश असला की ठाण्यात वाद घालावा लागत नाही.

पायरी चौथी : बोटांचे ठसे आणि फोटो नष्ट करण्याचा हक्क

कायदा स्वतःहून पुसायला सांगतो, अशी ही जागा. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ खाली अटकेनंतर बोटांचे व तळव्यांचे ठसे, पावलांचे ठसे, फोटो, बुबुळांचे स्कॅन, सही, हस्ताक्षर अशी मोजमापे घेता येतात. हा कायदा ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे आणि १९२० चा जुना कायदा त्याने रद्द केला. मोजमापे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे, घेतल्याच्या तारखेपासून ७५ वर्षे ठेवता येतात. आकडा पाहून धडकी भरते, पण त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये अपवाद दिलेला आहे. तुम्हाला याआधी कैदेस पात्र अशा कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवलेले नसेल, आणि या प्रकरणात खटल्याविना सोडले असेल, डिस्चार्ज झाला असेल किंवा निर्दोष मुक्तता झाली असेल, तर कायद्यातले सगळे मार्ग संपल्यावर ही मोजमापे नष्ट केली पाहिजेत. न्यायालयाने कारणे लेखी नोंदवून वेगळा आदेश दिला तरच ती राहतात.

‘सगळे मार्ग संपल्यावर’ याचा अर्थ अपिलाचा प्रश्न मिटल्यावर. निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकारला अपिलासाठी साधारण ९० दिवस असतात, उशीर माफ करून घेऊन ते नंतरही येऊ शकते. म्हणून निकालानंतर तीन-चार महिने थांबून उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने अपील दाखल आहे का ते पाहा, आणि नसेल तर तसे प्रतिज्ञापत्र करून अर्जाला जोडा.

अर्ज राज्य सरकारने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायचा असतो. तुमची मोजमापे दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याशी जोडलेली नाहीत याची खात्री करून तो एनसीआरबीकडे शिफारस करतो. नोडल अधिकारी कोण हे ठाण्यात सांगता आले नाही, तर अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात देऊन ‘नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावा’ असे त्यावर लिहा आणि पोच घ्या. एक मर्यादा लक्षात असू द्या. हा हक्क मोजमापांपुरता आहे. एफआयआर आणि अटकेची नोंद त्यात येत नाही.

पायरी पाचवी : फॉर्ममधला प्रश्न शब्दशः वाचा

निर्दोष सुटलेल्या माणसाची नोकरी गुन्ह्यामुळे जाण्यापेक्षा लपवण्यामुळे जाण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे ही पायरी मला जास्त काळजीची वाटते.

फॉर्ममध्ये सहसा चारपैकी एखादा प्रश्न असतो. तुम्हाला कधी दोषी ठरवले आहे का? तुमच्यावर खटला प्रलंबित आहे का? तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? तुम्हाला कधी अटक झाली होती का? निर्दोष सुटलेल्याने पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ लिहिणे खरे आहे. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिणे खोटे आहे, निकाल कितीही स्वच्छ असला तरी. तिथे ‘होय’ लिहा आणि लगेच पुढे गुन्ह्याचा क्रमांक, न्यायालय, निकालाची तारीख आणि ‘निर्दोष मुक्तता, प्रमाणित प्रत सोबत’ असे लिहा. फॉर्मात जागा नसेल तर वेगळा कागद जोडा.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याबाबतची तत्त्वे एकत्र मांडली. पडताळणी फॉर्ममधली माहिती खरी असली पाहिजे, हे पहिले. फॉर्मने जे नेमकेपणाने विचारले तेवढेच सांगणे बंधनकारक, संदिग्ध प्रश्नाच्या आधारे माहिती लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. किरकोळ गुन्हा लपवला गेला तर नियुक्ती करणारा ते माफ करू शकतो. आणि खरे सांगितले तरी नियुक्ती करणाऱ्याला पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार राहतो, विशेषतः गंभीर गुन्ह्यात तांत्रिक कारणाने किंवा संशयाच्या फायद्यावर सुटका झाली असेल तर. म्हणजे खरे सांगूनही नोकरी मिळेलच अशी हमी नाही. तरीही ती नाकारली गेली तर न्यायालयात उभे राहायला जागा राहते. लपवल्यावर ती जागा फार अरुंद होते.

परदेशाच्या व्हिसाला आपल्याकडचे तर्क लावू नका. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात शिक्षेबरोबर अटकेबद्दलही विचारलेले असते. आरोप वगळले गेले असले तरी तिथे अटक सांगावी लागते आणि निकालाची प्रत इंग्रजी भाषांतरासह न्यावी लागते.

पासपोर्ट, पीसीसी आणि विमानतळ

पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(फ) प्रमाणे फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. तुमचे प्रकरण संपले असेल तर हे कारण उरत नाही. पडताळणीचा अहवाल प्रतिकूल गेला की पासपोर्ट कार्यालय खुलासा मागते. तिथे घाबरून गप्प बसू नका, प्रमाणित नक्कल आणि ठाण्याने निकालाची नोंद घेतल्याचे पत्र जोडून दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठीही (पीसीसी) हेच दोन कागद लागतात. प्रमाणपत्रावर गुन्ह्याचा उल्लेख येणारच असेल तर त्याच ओळीत निकालही यावा, असा लेखी आग्रह धरा.

तपासाच्या काळात लुकआउट नोटीस निघाली असेल तर ती खटला संपल्यावर आपोआप मागे जात नाही. ज्या यंत्रणेने ती काढली तिनेच इमिग्रेशन विभागाला रद्द करायला कळवावे लागते. तिकीट काढण्याआधी त्या यंत्रणेला निकालाची प्रत देऊन लेखी पाठपुरावा करा. नाहीतर निर्दोष माणसाला कुटुंबासमोर इमिग्रेशनच्या काउंटरवरून परत फिरावे लागते.

इंटरनेटवर राहिलेले नाव

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. निकालपत्रेही ऑनलाइन असतात, आणि खासगी कंपन्यांसाठी पडताळणी करणारे लोक तिथेच नाव शोधतात. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरल्यानंतर विसरले जाण्याच्या हक्काच्या, म्हणजे आपल्याबद्दलची जुनी माहिती इंटरनेटवरून हटवून मागण्याच्या, याचिका वाढल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीचे निकालपत्र सर्च इंजिनवर दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तशाच प्रकारे निकालपत्र संकेतस्थळावरून काढायला सांगितले, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. या वाटेने जायचे तर वेळ आणि पैसा दोन्हीची तयारी हवी. मी तरी आधी सोपी वाट धरायला सांगेन. अटकेची बातमी छापणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांना निकालाची प्रत पाठवा आणि त्याच बातमीत निर्दोष मुक्ततेचा मजकूर जोडण्याची विनंती करा. बातमी काढून टाका म्हटले की नकार येतो, अद्ययावत करा म्हटले की ऐकले जाण्याची शक्यता जास्त. समाजमाध्यमे आणि सर्च इंजिन यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रारीवर ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा लागतो, तिथेही लिहा.

नामसाधर्म्याचा त्रास असेल, म्हणजे गुन्हा तुमच्या नावाच्या दुसऱ्याच माणसावर असेल, तर सीएनआर क्रमांकावरून त्या प्रकरणातले वडिलांचे नाव, वय आणि पत्ता काढून फरक दाखवणारे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

घटनेच्या वेळी वय अठराच्या आत असेल तर

मग चित्र पूर्ण बदलते. बाल न्याय कायदा, २०१५ नव्या सुरुवातीचे तत्त्व मानतो. कलम २४ प्रमाणे दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश होतो. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील मुलाला अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून चालवलेल्या प्रकरणाचा. कलम ७४ तर आणखी स्पष्ट आहे. प्रकरण बंद किंवा निकाली झाले असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघडच करायची नाही. तरीही पडताळणीत तसा शेरा आला तर बाल न्याय मंडळाकडे अर्ज करा आणि पोलीस अधीक्षकांना कलम ७४ चा उल्लेख करून लिहा. आईवडिलांनी हे स्वतः करावे, मूल मोठे होऊन नोकरीला लागेपर्यंत थांबू नये.

सगळे करूनही नोंद हलली नाही तर

अर्ज, पोच, वरिष्ठांकडे दिलेला अर्ज आणि माहिती अधिकाराचे उत्तर हे चार कागद हातात असतील तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मागणी छोटी ठेवा. ‘निकालाची नोंद घ्या’ किंवा ‘मोजमापे नष्ट करा’ एवढी नेमकी मागणी असली तर प्रकरण लवकर ऐकले जाण्याची शक्यता वाढते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि ठरावीक उत्पन्न मर्यादेखालच्या सर्वांना तिथे मोफत वकील मिळतो. फोन करायचा असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना निकालाची नक्कल, ओळखपत्र आणि ठाण्याची पोच सोबत न्या, म्हणजे पहिल्याच भेटीत अर्ज लिहून होतो.